कुंद्री अप्पा

रेवा आणि ईशान,

तुमच्या बाबांनी पाठवलेला फोटो बघून तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी पडली का?"

आजी पडली नाही. आजी बसली. भर अकराच्या उन्हात, सिमेंटच्या तापलेल्या ब्लॉकवर, नवी इरकल साडी नेसून, आपण होऊन बसली. चेहरा तसा दिसतो आहे तो दुखण्यानं नाही, संतापानं. तो संताप अजून गेलेला नाही, आणि लवकर जावा अशी माझी इच्छाही नाही.

फोटोत माझ्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेल्या बाई बसल्या आहेत, त्या गोदूबाई. मागे खुर्ची घेऊन वाकलेले पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ स्मारक समितीचे अध्यक्ष. त्यांचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या ग्रॅनाइटवर ते पुरेसं मोठं कोरलेलं आहे. आणि सगळ्यांच्या मागे कोट-टाय घालून, हातात नकाशाची गुंडाळी धरून, एक बोट आकाशाकडे करून जो पुतळा उभा आहे (अनावरणाचा पडदा वाऱ्यानं आधीच उडाला होता), तो अप्पांचा आहे असं म्हणतात. मी अप्पांना पंचवीस-तीस वर्षं ओळखत होते. त्यांनी कोट घातलेला मी पाहिला नाही, बोट दाखवून बोलताना पाहिलं नाही, आणि उभे असलेले तर फारच क्वचित पाहिले.

मला गोष्ट क्रमानं सांगायची सवय आहे. तेव्हा आधी अप्पा.

बसलिंगअप्पा हे मूळचे उदगीरचे, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातले. घरात बोली कानडी, बाजारात मराठी, गवंड्यांशी दखनी. हैदराबादला आर्किटेक्टचं शिक्षण घेऊन आले, तेव्हा लोकांना वाटलं आता लातुरात ऑफिस काढतील, बाहेर पाटी लावतील. त्यांनी मुखेड तालुक्यात एका गावाबाहेरचा, कुसळंही धड उगवत नसलेला माळ विकत घेतला आणि तिथे रोपं लावत बसले. लांबून लोक त्यांच्याकडे घराचा नकाशा काढायला यायचे आणि बरोबर कडुनिंबाची दोन रोपं घेऊन परत जायचे.

त्याच गावात मुलींच्या शाळेवर मी मुख्याध्यापिका होते. शाळा म्हणजे पत्र्याची शेड. नवीन इमारत मंजूर झाली आणि संस्थेनं कळवलं, "आर्किटेक्ट जागा पाहायला येतील." मी प्रार्थनेच्या आधीपासून तयार होते. टेबलावर स्वच्छ कापड, त्यावर जागेचा उतारा, मुलींची वर्गवार यादी, दोन टोकदार पेन्सिली. आर्किटेक्ट काही आले नाहीत. एक धोतर नेसलेला माणूस मात्र खांद्यावर गोणपाट टाकून आला, मैदानाच्या मध्यावर ते गोणपाट अंथरलं आणि मांडी घालून बसला. बरोबर मौलाभाई नावाचा गवंडी होता. त्यानं जमिनीत एक वेळूची काठी उभी रोवली. दर तासाला घंटा झाली की काठीची सावली जिथे पडली असेल तिथे तो चुन्याच्या फक्कीनं रेघ मारायचा आणि पुन्हा त्या माणसाशेजारी जाऊन बसायचा.

मला वाटलं, कुणाचे तरी वडील फी माफीसाठी आले असतील. मी शिपायाबरोबर पाणी पाठवलं. दुपारी न राहवून स्वतःच गेले.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"कुणी नको," ते म्हणाले. "तुम्हीच हेडबाई का? कुंद्री."

मला कानडी येत नव्हती. मौलाभाई म्हणाला, "बसा म्हनतेत बाई. उनकी आदत है."

"मी आर्किटेक्टची वाट बघते आहे," मी म्हणाले.

"मग बसून बघा," अप्पा म्हणाले. "उभ्यानं वाट बघितली की ती लांबते."

मी बसले नाही. इंग्रजी शाळेत वाढलेली, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणारी बाई. मुलींसमोर मातीत कशी बसणार? शेवटची घंटा झाली तेव्हा ते उठले, गोणपाट झटकलं आणि म्हणाले, "वर्ग तिकडं, पाठ पश्चिमेला. आन् हे मधलं मोकळं ठेवायचं." मग मला कळलं की आर्किटेक्ट सकाळी साडेसातलाच आले होते.

त्यांचं म्हणणं साधं होतं. घरात माणूस बसतो, जेवतो, निजतो. उभा राहतो तो फक्त निघताना. मग उभ्या माणसाच्या डोळ्यांनी घर का काढायचं? शाळेच्या खिडक्या त्यांनी इतक्या खाली घेतल्या की पाटावर बसलेल्या मुलीलाही बाहेरचं झाड दिसावं. तपासणीला आलेल्या साहेबांनी नाक मुरडलं. "अप्पा, मुली सारख्या बाहेर बघतील हो."

"बघू द्या की. खिडकी दुसऱ्या कशासाठी असते, साहेब?"

"अभ्यासावर परिणाम होईल."

"तुमच्या हापिसात खिडकी हाय का?"

"आहे."

"मग तुमच्या कामावर काय परिणाम झालाय, ते आधी बघून घेऊ."

साहेबांनी चहा न घेताच शेरा लिहिला. शेरा अजून फायलीत असेल. खिडक्या अजून तितक्याच खाली आहेत, आणि त्या खिडक्यांतून चिंचेकडे बघत शिकलेल्या तीन मुली आज त्याच शाळेत शिक्षिका आहेत.

गावानं त्यांचं नाव 'कुंद्री अप्पा' ठेवलं. आमदार असो, मजूर असो, अप्पांचं पहिलं वाक्य तेच. ते गोणपाटावर एका बाजूला सरकायचे, मोकळ्या अर्ध्या भागावर हाताचा तळवा दोनदा आपटायचे आणि म्हणायचे, "कुंद्री." तुमचे आजोबा बँकेत अधिकारी होते. लातूरच्या आपल्या घराचं काम अप्पांना द्यायचं असा माझा हट्ट. प्लॉटवर भेट ठरली. आजोबा बुटांना पॉलिश करून आले. अप्पांनी गोणपाट थोपटलं. आजोबा म्हणाले, "मी ठीक आहे असाच."

"तुम्ही ठीक हात. घर ठीक व्हायचंय ना? बसा. पँटीला इस्त्री परत होते साहेब, भिंत परत होत न्हाई."

आजोबा बसले. आयुष्यात त्यांना मातीत बसवणारा तो एकटाच माणूस. दिवस मावळला तेव्हा अप्पांनी निकाल दिला, "जागा चांगली हाय. ह्या कोपऱ्यात कडुनिंब लावा. घर तीन वर्षांनी बांधू."

"तीन वर्षं? का?"

"झाड कुठं सावली टाकतंय ते कळल्याशिवाय निजायची खोली कुठं घेऊ? झाडाला विचारावं लागतंय, ते लगेच सांगत न्हाई."

आजोबा घरी येऊन माझ्यावर ओरडले. भाड्याच्या घराचं, त्यातल्या ढेकणांचं, माझ्या मैत्रीतल्या वेड्यांचं सगळं निघालं. मीही ओरडले. पण झाड लावलं, आणि तीन वर्षं थांबलो. तुम्ही मे महिन्यात आलात तेव्हा ज्या खोलीत पंखा बंद करून पांघरूण मागत होतात, ती खोली त्या तीन वर्षांची आहे.

अप्पा संत नव्हते. फटकळ होते आणि हेकट होते. लातूरचा एक भुसार व्यापारी गाडी घेऊन आला. बंगल्यापुढे हिरवळ पाहिजे म्हणाला, परदेशात पाहिली तशी.

"गाई किती हायेत?" अप्पांनी विचारलं.

"गाई? नाहीत."

"म्हशी?"

"अहो, शोभेसाठी पाहिजे."

"मग हिरवी सतरंजी आणा. पाणी पीत न्हाई."

व्यापारी निघून गेला तो पुन्हा आला नाही. काम गेलं याचं अप्पांना काही नव्हतं; पण मौलाभाईच्या घरी त्या महिन्यात चूल कशी पेटेल हा विचारही त्यांच्या मनात आला नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मौलाभाईला घेऊन आले आणि आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीचं रखडलेलं काम सुरू केलं. माफी हा शब्द त्यांना कुठल्याच भाषेत येत नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घराचं छप्पर तर कायम गळायचं. थेंब पडायचा तिथे त्यांनी तुळशीची कुंडी सरकवून ठेवली होती. कुणी हसलं की म्हणायचे, "दुरुस्ती झाली ना?"

आता मधलं मोकळं ठेवायचं म्हणाले होते, त्याची गोष्ट. माझ्या रागाचं मूळ तिथे आहे.

शाळा आणि त्यांची रोपवाटिका शेजारी शेजारी. दोन्हींच्या मध्ये त्यांनी माळाचा एक मोठा तुकडा खणायला घेतला. विहीर नाही, तळं नाही. नुसता पसरट, कडेनं हळूहळू उतरत जाणारा खोलगट भाग. गावात चर्चा. कुणी म्हणे धन सापडलं असेल, कुणी म्हणे डोकं फिरलं. 'अप्पांचा खड्डा' असं नाव पडलं. अप्पा त्याला ओंजळ म्हणायचे. त्यांच्या प्रत्येक बांधकामात ती असायची. आपल्या अंगणातही नळाच्या मागे आहे, तुम्ही तिथे कागदाच्या होड्या सोडल्या होत्या. तिच्यात काही बांधायचं नाही, फरशी घालायची नाही, माती दाबायची नाही. माळावरून पळून जाणारं पावसाचं पाणी ओंजळीत यायचं, दोन-चार दिवस थांबायचं आणि जमिनीत जायचं. खालच्या अंगाला शाळेची विहीर. कडेनं त्यांनी तीन चिंचा लावल्या.

ती ओंजळ खणायला आलेल्या बायकांत गोदूबाई होती. नवरा सोडून गेलेला, माहेरी जागा नाही. खणता खणता ती अप्पांना म्हणाली, "हिकडचा उतार उलटा पडलाय, अप्पा. पानी शाळंत शिरंल."

अप्पा बसले होते ते आडवे झाले, गाल जमिनीला लावून उतार पाहिला आणि मौलाभाईला म्हणाले, "मियाँ, ह्या बाईला खणायला कोण लावलं? हिला बघायला लावा."

त्या दिवसापासून गोदूबाई रोपवाटिकेवर आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी कलम कुठल्या डोळ्यावर धरेल, रोप कुठल्या दिशेला तोंड करून लावायचं, कुठलं झाड तहानेनं वाळतंय आणि कुठलं जास्त पाण्यानं, हे तिला जेवढं कळतं तेवढं कृषी पदवीधरांना कळलेलं मी पाहिलं नाही. अप्पा आलेल्या पाहुण्यांना सांगायचे, "मला विचारू नका, मी नकाशे काढतो. बाग गोदूबाईची हाय."

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावांत टँकर फिरत होते आणि आमच्या शाळेच्या विहिरीत पोहरा बुडत होता. त्यानंतर गावात खड्डा हा शब्द कुणी वापरला नाही.

अप्पा थकले, तेव्हा रोपवाटिका त्यांनी गावाच्या नावानं करून दिली. अट दोनच: ओंजळ बुजवायची नाही आणि गोदूबाईला हलवायचं नाही. आणि एकदा, चिंचेखाली आम्ही पाच-सात जण जमलो होतो, तेव्हा तिसरी गोष्ट सांगितली. तुम्हाला माहीत नसेल. लिंगायतांमध्ये माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. खड्डा घेतात, त्यात त्याला बसवतात, हातात त्याचं इष्टलिंग देतात आणि विभूती, बेलाची पानं घालून मातीआड करतात. पडलेला नाही, बसलेला.

अप्पा म्हणाले, "आमच्यात बरं हाय. जन्मभर बसलो, पुढं बी बसायचंच. ओंजळीच्या वरच्या काठावर बसवा मला. वर एक बेल लावा. पण एक ध्यानात ठेवा, चबुतरा-बिबुतरा काही बांधू नका. मी खाली बसलेला असणार. बसल्या माणसाच्या डोक्यावर सिमेंट ओतू नये. दम कोंडतो."

सगळे हसले. आज जे अध्यक्ष आहेत ते तेव्हा नुकतेच ठेकेदारी करायला लागले होते. तेही हसले. त्यांनीच म्हटलं होतं, "अप्पा, तुमच्या डोक्यावर कोण सिमेंट ओततंय? तुमच्या डोक्याला सिमेंट चिकटणार न्हाई."

ते त्यांनी ऐकलेलं होतं, म्हणून मला राग आहे. माहीत नसतं, तर मी नुसती हळहळले असते.

अप्पा गेले. त्यांना त्याच काठावर बसवलं. मी होते, मौलाभाई होता, हे अध्यक्षही होते. मूठभर माती त्यांनीही टाकली. गोदूबाईनं वर बेल लावला. मी तर आधीच निवृत्त होऊन लातूरला आले होते; पुढे गुडघे दुखायला लागले, जाणं कमी झालं. मधल्या काळात स्मारक समिती झाली, निधी आला, हे वर्तमानपत्रात वाचत होते. मला आनंद झाला होता, हेही कबूल करते. वाटलं, चला, गाव विसरलं नाही.

यंदाच्या पुण्यतिथीला पुतळ्याचं अनावरण ठरलं आणि मला पाहुणी म्हणून बोलावलं. मी भाषण लिहून, दोन प्रती काढून नेल्या. गाडीतून उतरले, कमानीतून आत गेले आणि मला जागा ओळखता येईना. उतार कुठे आहे, हेच पायांना कळेना. सगळं सपाट. लाल आणि पिवळे सिमेंटचे ब्लॉक, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मुरूम टाकून ओंजळ भरली होती, रोलर फिरवून दाबली होती, आणि बरोबर तिच्या मधोमध चौथरा. चौथऱ्याभोवती हिरवळ होती. मी वाकून हात लावला. प्लॅस्टिकची होती. ज्या माणसानं व्यापाऱ्याला सतरंजी आणायला सांगितलं होतं, त्याच्या पुतळ्याच्या पायाशी ह्यांनी खरोखरच सतरंजी अंथरली होती.

तीनपैकी दोन चिंचा होत्या. तिसरीमुळे पुतळा रस्त्यावरून दिसत नव्हता, असं नंतर कळलं.

बेल होता. खोडाला चिकटून सिमेंट, बोट घालायला जागा नाही. ऐन वैशाखात, नवी पालवी दाटायची तेव्हा, पानं पिवळी आणि शेंडा उघडा. तिथे गोदूबाई उभी होती, हातात कळशी. ती खोडावर पाणी ओतत होती आणि पाणी ब्लॉकवरून गटाराकडे पळत होतं.

"गोदूबाई, हे काय करून ठेवलं?"

"म्या केलं का, बाई?" ती भडकलीच. "म्या आडवी पडले गाडीम्होरं. मला म्हनले, बाई, तुला कळत न्हाई, सुशोभीकरन हाय. लई सांगितलं, हितं अप्पा बसलेत. तर म्हनले, अप्पा आता तिकडं उभे करून राहिलो ना आमी. ह्या बेलाची मुळं कोरडी पडलीत. ह्यो मिरगाचा पाऊस हितनं वाहून गेला तर बेल ऱ्हात न्हाई, आन् शाळंच्या हिरीत बी थेंब ऱ्हात न्हाई. गेल्या पावसाआधी मुरूम भरला, आन् औंदा पैल्यांदा टँकर आलाय शाळंला. तुमास्नी मालूम हाय का?"

मला मालूम नव्हतं. मी भाषणाच्या दोन प्रती घेऊन आले होते.

अध्यक्ष लगबगीनं आले. "मॅडम, चला, स्टेजवर चला. कसं वाटलं? कायापालट केला की न्हाई?"

"ओंजळ कुठे आहे?"

"कोणती?"

"जिला तुम्ही लहानपणी खड्डा म्हणत होतात ती."

"हां, तो खड्डा. मॅडम, अप्पांसारख्या मोठ्या माणसाच्या स्मारकात खड्डा बरा दिसतो का? पाहुणे येणार, त्यांचे पाय भरणार. लेव्हल करून घेतलं."

"ती बुजवायची नाही असं त्यांनी लिहून दिलं होतं."

"त्यांच्या आदरापोटीच केलं, मॅडम. एवढं मोठं काम तालुक्यात कुठं न्हाई."

"आणि हे?" मी बेलाकडे हात केला. "ह्याच्या खाली कोण आहे, ते तरी आठवतं का? तुम्ही मूठभर माती टाकली होती."

त्यांनी बेलाकडे पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. "कार्यक्रम झाल्यावर बोलू. अनावरणाला येणारे साहेब निघालेत तिकडून."

 तेवढ्यात गोदूबाईनं कळशी खाली ठेवली आणि बेलाशेजारी ब्लॉकवर मांडी घालून बसली. घोषणा नाही, ओरडणं नाही. पदर डोक्यावर ओढला आणि माझ्याकडे बघून शेजारची जागा हातानं दोनदा थोपटली.

ते थोपटणं कुणाचं होतं, हे मला सांगावं लागलं नाही. मी चप्पल काढली, भाषण पर्समध्ये ठेवलं आणि बसले. ब्लॉक तव्यासारखे तापले होते. साडीतून चटका बसला. तोच फोटो.

अध्यक्ष धावत खुर्ची घेऊन आले. "मॅडम, हे काय, लोक बघायलेत. खुर्ची घ्या निदान."

"खाली अप्पांना खुर्ची दिली आहे का तुम्ही?"

"मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या..."

"म्हणूनच वेळ लागला बसायला. हे सिमेंट निघाल्याशिवाय मी उठत नाही. तुमच्या साहेबांना सांगा, पाहुण्या बाई खाली आहेत. त्यांनाही बसायचं असेल तर जागा आहे."

मग शाळेतल्या त्या तिघी शिक्षिका आल्या आणि बसल्या. स्वागतगीतासाठी उभ्या केलेल्या मुली बसल्या. त्यांना बहुतेक उभं राहण्याचाच कंटाळा आला होता. मंडपवाल्यानं माइकवरून दोनदा सांगितलं, "कृपया सर्वांनी स्थानापन्न व्हावे," आणि गोदूबाई मोठ्यांदा म्हणाली, "झालोय की."

अध्यक्षांनी माणसांना हाक मारली, पण बायकांना हात कोण लावणार? तेव्हा मंडपाच्या मागून मौलाभाई आला. पाठ वाकलेली, खांद्यावर पहार. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ये ब्लॉक मैंनेच बिठाए, बाई. दो महीने की रोजी थी. मना केलं असतं, तर दुसऱ्यानं बसवले असते. पन दुसऱ्यानं बसवायला पाहिजे होते." मग गोदूबाईला म्हणाला, "सरक." खोडाजवळच्या फटीत पहार घालून त्यानं पहिला ब्लॉक उचकटला. खाली वीतभर काँक्रीट होतं. ते फुटायला तास लागला. आतली माती दगडासारखी, कोरडी ठणठणीत. गोदूबाईनं कळशी ओतली. या वेळी पाणी कुठे पळालं नाही. माती ते आवाज करून प्यायली. आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला, अध्यक्षांनीसुद्धा.

मोठे साहेब अर्ध्या रस्त्यातून परतले म्हणे. अनावरण राहिलं.

तुम्ही विचाराल, मग जिंकलात का? नाही. बेलाभोवती दोन हातांचं आळं मोकळं झालं, एवढंच. ओंजळ अजून बुजलेली आहे, पुतळा अजून बोट दाखवतो आहे. "मीटिंग घेऊ," असं अध्यक्षांनी सांगितलं आहे. मृगाला थोडेच दिवस उरलेत. अप्पांनी करून दिलेल्या कागदाची नक्कल मी काढली आहे, अर्ज दिला आहे, त्याची पोच घेतली आहे आणि दर गुरुवारी गाडी करून जाते. गोदूबाई रोज सकाळी चौथऱ्यापाशी जाऊन बसते. आता तिच्याबरोबर गावातल्या पाच-सहा जणी असतात, निवडायचं धान्य घेऊन. मौलाभाई रोज एक ओळ उचकटतो आणि ब्लॉक नीट रचून ठेवतो. त्याला कुणी अडवत नाही, कुणी हो पण म्हणत नाही. पाऊस आधी येतो की आम्ही आधी पोचतो, ते बघायचं.

माझ्या रागातला थोडा वाटा माझ्यावरचाही आहे. तो सांगून संपवते.

अप्पा गेले त्याच्या पंधरा दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले होते. ते ओंजळीच्या काठावर, आज बेल आहे तिथेच, गोणपाटावर बसले होते. फार वाळले होते. मला पाहून एका बाजूला सरकले, कष्टानं. अर्धं गोणपाट मोकळं केलं आणि हातानं दोनदा थोपटलं. थोपटण्याचा आवाजही झाला नाही.

"कुंद्री, हेडबाई."

मी घड्याळ बघितलं. "आज नको अप्पा, लातूरची गाडी चुकेल. पुढच्या वेळी निवांत बसू."

"बरं," ते म्हणाले.

फाटकाशी पोचल्यावर मी वळून पाहिलं. पाठ माझ्याकडे, तोंड ओंजळीकडे. मला वाटलं होतं, मी गेल्यावर ते नीट मध्यावर सरकून बसले असतील. ते होते तिथेच, कडेला अंग चोरून बसले होते. शेजारचं अर्धं गोणपाट त्यांनी तसंच मोकळं ठेवलं होतं.